चौदावी बाई

१

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता टेबलावर किल्ल्या होत्या बारा आणि समोर बसलेली माणसं अकरा. केतकीनं मंगला खवसेचं नाव तीनदा पुकारलं. तिसऱ्या वेळी तिचा आवाज भोपाळच्या अशोका गार्डन वस्तीतल्या रेल्वे रुळांपर्यंत पोचला असेल. पण कुणी उठलं नाही.

मी मंजूषा देवपुजारी. वय बासष्ट. सांख्यिकी कार्यालयातून निवृत्त झाले तेव्हा आमचे हे, नीळकंठ, म्हणाले होते, "आता तरी घरी बस." दोन महिने बसले. तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा चारदा बदलल्या. शेवटी तेच हात जोडून म्हणाले, "तुझ्या पायाला भिंगरी आहे. तू जा बाई कुठेतरी." म्हणून मी बेघरांच्या विभागीय समन्वय कक्षाचं मानद प्रमुखपद घेतलं. भोपाळ, विदिशा, सीहोर आणि रायसेन, या चार जिल्ह्यांतले रैनबसेरे, म्हणजे बेघरांचे रात्रीचे निवारे, आमच्याकडे येतात. कुठे खाट रिकामी आहे, कुणाला दवाखाना हवा, कुणाचा कागद अडलाय आणि कुणाला कायमची खोली देता येईल, हे सगळं अशोका गार्डनच्या रैनबसेऱ्यातल्या एका खोलीत बसून जुळवायचं. समाजसेवा वगैरे मोठे शब्द मला जमत नाहीत. मला जुळवाजुळव आवडते.

या बारा खोल्या भोपाळातच, अवधपुरीच्या पलीकडे, नव्या इमारतीत. त्या मिळवायला मी दीड वर्ष चपला झिजवल्या होत्या. अट एकच होती, पण कडक होती. आज संध्याकाळी पाचच्या आत माणसानं स्वतः तिथे जाऊन अंगठा द्यायचा. नाही दिला, तर खोली यादीतल्या पुढच्या नावाला.

मंगला अठ्ठावन्न वर्षांची. पांढुर्ण्याकडची. सात वर्षं स्टेशनबाहेर, मग दोन वर्षं आमच्या रैनबसेऱ्यात. यादीत ती बारावी होती आणि तिच्यामागे विदिशाचे मनोहरबाबा. मनोहरबाबांसाठी विदिशाचा समन्वयक हर्षल महिनाभर माझ्या मागे लागला होता.

"गेली असेल, मॅडम," संकेत म्हणाला. तो आमच्या रैनबसेऱ्याचा व्यवस्थापक. तिशीचा, हसतमुख, आणि अवघड प्रश्न आला की खिशातला मोबाइल काढणारा. "ऐसे लोग होते हैं ना. चार भिंतींची सवय नसते यांना. ऐन वेळी घाबरतात नि पळतात."

मला हे वाक्य अजिबात सहन होत नाही. खोली नको म्हणून पळालेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

"सकाळी होती ना ती?" मी विचारलं.

"होती ना! सातची गिनती मी स्वतः केली. चौदा खाटा, चौदा बाया. नंतर साडेसातला मीच तिला चहा दिला. अपने हाथ से."

केतकी माझ्या शेजारी उभी होती. खोल्यांची प्रकरणं तीच बघते. पोरगी हळू बोलते, पण बोलली की ऐकावं.

"मॅडम," ती म्हणाली, "मंगलामावशी चहा पीत नाहीत. दोन वर्षांत घोटभर घेतलेला नाही."

संकेतनं मोबाइल काढला.

२

महिलांची खोली लांबट आहे. दोन्ही भिंतींना सात-सात खाटा. एरवी सकाळी आठनंतर बाया कामाला पांगतात, पण आज किल्ल्यांचा कार्यक्रम म्हणून सगळ्यांना थांबवून ठेवलं होतं.

मंगलाची खाट सहा नंबरची. खाटेखाली तिचं गाठोडं जसंच्या तसं. मी सोडून पाहिलं. एक लुगडं, फणी, जिऱ्याची पुडी आणि प्लास्टिकच्या पिशवीत चार घड्या घातलेलं खोलीचं पत्र. पळून जाणारी बाई काहीही विसरेल, जिरंही विसरेल, पण हे पत्र मागे ठेवून जाणार नाही.

खाटेवर तिचं निळं ब्लँकेट घडी करून ठेवलेलं होतं. त्यावर दुसरं एक पडलं होतं, हिरवं.

आता हे रंगांचं प्रकरण माझंच. ब्लँकेटं एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गायब व्हायची, म्हणून मी प्रत्येकाला रंग ठरवून दिला. भोपाळ निळा, सीहोर तपकिरी, रायसेन लाल, विदिशा हिरवा. भोपाळच्या रैनबसेऱ्यात हिरवं ब्लँकेट यायचं काही कारण नव्हतं.

"हे कुणाचं?" मी खोलीला विचारलं.

बाया माझ्याकडे बघत होत्या आणि माझी नजर गेली की दुसरीकडे बघत होत्या. ही शांतता मला नोकरीपासून ओळखीची आहे. ऑडिटच्या दिवशी सगळं कार्यालय असंच गप्प बसायचं.

मी मोजायला लागले. चैन पडेनासं झालं की मी मोजते, ती माझी जुनी खोड. उजवीकडे सात. डावीकडे सहा खाटांवर सहा, आणि एक बाई कोपऱ्यात जमिनीवर, तोंडावर पदर ओढून भिंतीकडे वळलेली, पायांवरून तरणी वाटणारी. "ताप आहे तिला," शेजारची घाईनं म्हणाली.

मी पुन्हा मोजलं. मग केतकीला मोजायला लावलं.

"चौदा," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

मंगला नव्हती. आणि तरी बाया चौदाच होत्या.

३

साडेअकरा वाजले होते. पाच वाजायला साडेपाच तास, आणि माझे पाय एका जागी ठरत नव्हते. मी मागच्या अंगणात गेले. तिथे आमची व्हॅन उभी होती आणि ओंकार सीटवर मान टाकून घोरत होता.

ओंकार आमचा ड्रायव्हर. गडी कामाचा, पण बोलण्यात भलताच सरळ. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात हे त्याच्या बायकोनंच मला सांगितलं होतं.

"ओंकार, रात्री व्हॅन कुठे होती?"

तो दचकून उठला. "इथंच मॅडम. यहीं खडी थी. रातभर."

कान लाल.

मी पुढच्या काचेकडे बघितलं. आज किल्ल्यावाल्यांना याच व्हॅनमधून न्यायचं म्हणून काल दुपारी मी स्वतः उभी राहून ती धुवून घेतली होती. काच इतकी लख्ख की नीळकंठांनी तिच्यात बघून दाढी केली असती. आता त्याच काचेवर चिलटं चिकटलेली होती, शेकड्यांनी, वायपरच्या वर-खाली सगळीकडे. उभ्या गाडीच्या काचेवर चिलटं अशी चिरडत नाहीत. शहरातल्या खड्ड्यांतून वीसच्या वेगानं जाणाऱ्या गाडीच्याही नाहीत. त्यासाठी अंधार पडल्यावर दिवे लावून शेतांमधल्या रस्त्यानं गाडी हाकावी लागते.

"विदिशाला गेला होतास," मी म्हणाले.

ओंकारनं काचेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "संकेतभैयाला विचारा," एवढंच म्हणाला आणि गाडीतून उतरून नळाकडे चालता झाला.

मी कार्यालयात येऊन रोजचा आकड्यांचा तक्ता उघडला. हाही माझाच. पूर्वी रैनबसेऱ्यांना रोज नावांची यादी भरावी लागायची. तासभर जायचा आणि यादी दुपारपर्यंत येत नसे. मी ते बंद करून टाकलं. आता सकाळी सात वाजता प्रत्येकानं फोनवर एकच आकडा पाठवायचा. किती माणसं झोपली, बस. चार जिल्ह्यांचा हिशेब सव्वासातला माझ्या हातात. या कल्पनेबद्दल मला शाबासकी मिळाली होती, आणि खोटं कशाला बोलू, मीही स्वतःवर खूश होते.

विदिशाच्या महिला रैनबसेऱ्यात सोळा खाटा. महिनाभर तिथला आकडा पाचच्या पुढे सरकलेला नव्हता. आज सकाळीही पाच. आणि काल रात्री नऊला तिथे वरून पाहणी झाली, तिच्या नोंदीतला आकडा होता तेरा.

रात्री नऊला तेरा आणि सकाळी सातला पाच. तेरातून पाच गेले, उरल्या आठ.

सोळा खाटांचे ऐंशी टक्के म्हणजे बारा पूर्णांक आठ दशांश. म्हणजे तेरा.

आणि ऐंशी टक्क्यांचा तो आदेश मी काढला होता. ज्या रैनबसेऱ्यात पाहणीच्या दिवशी ऐंशी टक्के खाटा भरलेल्या नसतील, तो बंद.

४

संकेतला मी समोर बसवलं आणि त्याचा मोबाइल माझ्या पर्समध्ये टाकला.

"आठ बाया," मी म्हणाले. "काल संध्याकाळी आपल्या खोलीतून आठ बाया विदिशाला उसन्या दिल्यास. बरोबर?"

तो आधी हसला. मग हसू मावळलं. "मॅडम, सगळेच देतात. मार्चमध्ये आपल्याकडे पाहणी झाली तेव्हा सीहोरवाल्यांनी नाही का सहा माणसं पाठवली? तुम्हाला वाटलं आपली बाया-पुरुष मिळून चौतीस खाटांची जागा एका रात्रीत भरली? हर्षल रडत होता. विदिशाचं सेंटर बंद झालं तर त्या पाच बाया रस्त्यावर येतील. क्या करता मैं?"

"आणि त्या आठ कधी परत आल्या?"

"पहाटे. सातच्या गिनतीच्या आधी."

"किती आल्या?"

"आठ! ओंकारनं गाडीत चढवताना मोजल्या, मी इथे उतरवताना मोजल्या. आठ गेल्या, आठ आल्या. कसम से, मॅडम. मंगला नंतर गेली असेल. चहाचं मी... ते घाबरून बोललो."

ओंकारही आत येऊन उभा राहिला होता. त्यानं मान हलवली. या वेळी कान साधेच होते.

म्हणजे दोघंही खरं बोलत होते. हे जास्त वाईट होतं. खोटं बोलणाऱ्याला धरता येतं.

मी विदिशाला हर्षलला फोन लावला. पाहणी झाली का, विचारलं. "झाली ना मॅडम, एकदम फर्स्टक्लास," तो म्हणाला. बाया किती दाखवल्यास, विचारलं. तो म्हणाला, तेरा.

"त्यातल्या आठ माझ्या. त्यांतली मंगला खवसे अजून तुझ्याकडे आहे का?"

पलीकडे चपला फटफटल्या, दार वाजलं, पुटपुटत मोजणं ऐकू आलं.

"नाही मॅडम. आमच्या पाचच्या पाच आहेत. आत्ता मोजल्या." मग एकदम घाईनं, "मॅडम, हे वर सांगणार आहात का तुम्ही?" आणि मी उत्तर देण्याआधी फोन कट. पुन्हा लावला तर बंद.

मंगला आली नाही तर खोली हर्षलच्या मनोहरबाबांना. हे मला ठाऊक होतं, हर्षललाही ठाऊक होतं. संकेतच्या डोक्यातही तेच आलं असावं.

"उसने रोक लिया होगा," तो म्हणाला.

मलाही क्षणभर तसंच वाटलं. मोठा संशयित सापडला की जिवाला बरं वाटतं. पण मग हर्षलकडे आज सहा बाया हव्या होत्या. आणि आपल्याकडे तेरा.

दोन्हीकडचे आकडे चोख होते. बाई तेवढी चुकली होती.

५

"केतकी," मी म्हणाले, "चौदावी बाई इथली नाही. तिला शोधायचं, पण ओरडून नाही."

या खोलीतल्या न्हाणीघराच्या दिव्याचं बटण न्हाणीघरात नाही, दाराशीही नाही. ते बाहेरच्या बोळात, लोखंडी कपाटाच्या मागे आहे. ज्या वायरमननं ते तिथे बसवलं तो मला एकदा भेटायला हवा. नवी बाई आली की पहिला दिवस अंधारातच काढते.

मी महिलांच्या खोलीत गेले आणि कोपऱ्यातल्या पदरवालीला म्हणाले, "बाई, जरा न्हाणीघराचा दिवा लावता का? मला हात धुवायचेत."

ती उठली. न्हाणीघराच्या दाराशी गेली. डावीकडची भिंत चाचपली, मग उजवीकडची. मग नुसतीच उभी राहिली. खोलीतल्या तेरा बायांनी माना खाली घातल्या.

"या इकडे," मी म्हणाले. "मी पोलीस नाही. मी नुसती मोजणारी बाई आहे."

कार्यालयात तिनं पदर बाजूला केला तेव्हा केतकीच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. खालचा ओठ फाटलेला, डोळ्याखाली निळं. वय असेल अठ्ठावीस. नाव सोनाली. मुलताईची.

"तो रोज सकाळी फाटकापाशी उभा राह्यते," ती म्हणाली. तो म्हणजे तिचा नवरा. "विदिशाच्या. भाईर निघाली की हात धरते. म्हणून म्या आठ दिस भाईर पाय नाही टाकला."

काल रात्री पाहणीनंतर मंगला तिच्या शेजारच्या खाटेवर झोपली होती. दोघींना मराठी बोलायला मिळालं आणि सगळं बाहेर आलं. पहाटे व्हॅन निघायच्या वेळी मंगलानं तिला आपलं लुगडं दिलं आणि तिचं स्वतः नेसलं.

"मावशी म्हणे, तू गाडीत बस. डोक्यावरून ब्लँकेट घे. भोपाळात सहा नंबरची खाट माही हाय, तिच्यावर जा. मी तुह्या खाटेवर पदर घेऊन निजतो. तो फाटकातून पाह्यते, त्याले वाटन तूच हायस. दोन दिस त्याले तसंच वाटू दे. मी म्हणलं, मोजतीन ना! तर मावशी हसली. म्हणे, डोकी मोजतेत बाई. थोबाड कोणीच नाही पाह्यत."

मी खुर्चीत बसून होते, पण पायाचा अंगठा जमीन खरडत होता. माझी दोन वर्षांची शिस्त मंगलानं एका रात्रीत ओळखून वापरलीसुद्धा.

"आणि तिची खोली?" केतकीनं विचारलं. "आज किल्ली होती तिची!"

"सांगतलं तिनं. म्हणे नऊ वर्सं थांबली, खोली दोन दिस थांबन."

"पाच वाजताची अट तिला माहीत नव्हती?" मी केतकीकडे वळले.

केतकीचा चेहरा उतरला. "पत्रात आहे मॅडम."

"तिला वाचता येतं?"

"नाही. पण तुम्हीच म्हणाला होतात, पत्र द्या, अंगठा घ्या, पुढच्याकडे जा. एकेका माणसाला दहा मिनिटं देत बसू नका."

म्हणाले होते. अगदी याच शब्दांत.

एक वाजत आला होता.

६

विदिशाचा रस्ता छप्पन्न किलोमीटरचा. ओंकारनं तो कसा कापला हे मी नीळकंठांना कधीच सांगणार नाही. मध्ये एका ठिकाणी गव्हाच्या ट्रॉल्यांची रांग आडवी आली आणि पंचवीस मिनिटं गेली. मी खाली उतरून रस्त्याच्या कडेनं येरझाऱ्या घातल्या. ओंकार म्हणाला, "मॅडम, चालून पोचणार नाही तुम्ही." मी म्हणाले, "मग चालव की बाबा." तो म्हणाला, "उडू का?" मी मागे केतकीला फोन करून सांगितलं, रिक्षा कर आणि बाकीच्या अकरा जणांना घेऊन अवधपुरीला जा, सोनालीलाही ने.

तीनला आम्ही पोचलो. रैनबसेऱ्याच्या फाटकासमोर पानाच्या टपरीला टेकून एक माणूस उभा होता. नीट इस्त्रीचा शर्ट, हातात पाण्याची बाटली. मी राक्षस बघायच्या तयारीनं गेले होते. हा कुणाचाही जावई वाटला असता.

आणि एकदम लक्षात आलं की या जागेत बाया का नसतात. गरज नाही म्हणून त्या अकरा खाटा रिकाम्या नव्हत्या. फाटकाशी हे असे उभे असतात म्हणून रिकाम्या होत्या. आणि मी भोपाळात बसून लिहिलं होतं, "प्रतिसाद अपुरा, केंद्र बंद करावे."

हर्षल दारातच भेटला. डोळे सुजलेले. "मॅडम, मी फोन बंद केला कारण..."

"ते नंतर. तुझ्या पाच बाया पुन्हा मोज. या वेळी तोंडं बघून."

तो आत गेला. खिडकीशेजारच्या खाटेवर एक बाई पदर घेऊन पडली होती. त्यानं वाकून पदर बाजूला केला आणि तसाच मागे सरला.

"काऊन रे," मंगला म्हणाली, "जेवण झालं काय?"

मी तिला पाच वाजताची अट सांगितली. ती उठून बसली. पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली, आणि त्या भीतीनं मला माझीच लाज वाटली.

"मले कोणी सांगतलंच नाही," ती म्हणाली.

"हो. चूक माझी आहे. चला."

"पण तो भाईर उभा हाय. मी निघाली का त्याले समजन."

"समजू दे. ती विदिशात नाही आता. हर्षल, ठाण्यात फोन लाव. आत्ता, माझ्यासमोर."

फाटकाबाहेर तो माणूस पुढे आला. त्याची नजर लुगड्यावर होती. त्यानं हात लांब केला, आणि मंगलानं स्वतःच पदर डोक्यावरून मागे टाकला.

"पाह्य बाप्पा, नीट पाह्य," ती म्हणाली. "मी तुही बायको व्हय काय?"

त्याचा हात खाली आला. आम्ही व्हॅनमध्ये बसलो तेव्हा तो मान वाकडी करकरून आत बघत होता.

७

अवधपुरीच्या त्या इमारतीपाशी आम्ही पोचलो तेव्हा पाचला बारा मिनिटं कमी होती. गृहनिर्माण खात्याचे चिन्मय भागवत फाटकाचं कुलूप हातात घेऊन उभे होते. तरुण अधिकारी, चार इमली या साहेबांच्या वस्तीत बंगला, बोलणं मऊ. केतकीनं त्यांना गप्पांत अडकवून ठेवलं होतं. हळू बोलणाऱ्या पोरीनं पाऊण तास गप्पा कशा मारल्या असतील देव जाणे.

मंगलानं अंगठा पुढे केला. भागवतांनी टॅबवर नाव टाकलं आणि थांबले.

"ताई, हे नाव विदिशाच्या नोंदीत दिसतंय. काल रात्री नऊ वाजता पाहणीत अंगठा आहे यांचा. विदिशाच्या रहिवासी म्हणून."

"ती इथलीच आहे. दोन वर्षं इथेच झोपते."

"असेल. पण एक माणूस दोन जिल्ह्यांत चालत नाही. चौकशी होईपर्यंत नाव थांबतं. आणि खोली पाच वाजता पुढच्या नावाला जाते. हा नियमही..." ते थोडे अवघडले. "तुम्हीच सुचवला होता. खोल्या रिकाम्या पडू नयेत म्हणून."

मला संताप आला. कुणाचा, तर माझाच, म्हणून कुणावर काढताही येईना.

"विदिशाची नोंद खोटी आहे असं कुणी जबाबदार माणसानं लिहून दिलं तर?"

"तर ती मी बाजूला ठेवू शकतो. पण लिहिणार कोण? हर्षल लिहिणार नाही."

मी केतकीकडून कागद घेतला आणि जिन्याच्या पायरीवर बसले. लिहिलं की काल विदिशाच्या पाहणीत आठ बाया भोपाळहून उसन्या नेऊन बसवल्या होत्या. असं चारही जिल्ह्यांत चालतं. याला कारण माझा ऐंशी टक्क्यांचा आदेश, आणि हे खपलं याला कारण माझा बिननावांचा तक्ता. विदिशाचं केंद्र बंद करू नये, तिथे गरज आहे, तिथल्या फाटकाला पहारा द्यावा. मंगला खवसे भोपाळच्या रहिवासी आहेत. खाली सही, तारीख आणि वेळ, चार वाजून चोपन्न मिनिटं.

भागवतांनी उभ्या उभ्या वाचलं. "ताई, हे वर गेलं की पहिली खुर्ची तुमची जाईल."

"माहितेय. अंगठा घ्या."

त्यांनी घेतला. पाचला चार मिनिटं होती. सोनालीचं विचारलं तेव्हा म्हणाले, पाहुणी म्हणून पंधरा दिवस राहू शकते, नंतर अर्ज करा. मग त्यांनी माझा कागद फाइलमध्ये लावला, मला नमस्कार केला आणि गेले. त्या नमस्काराची मला उगीच चीड आली. निरोपाचा वाटला तो.

मंगलानं आपल्या हातानं कुलूप उघडलं. दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात ओटा. सोनाली उंबऱ्याशीच थांबली होती, तिला हात धरून आत घेतलं. भिंतींवरून हात फिरवणं, डोळ्यांत पाणी, असलं काही मंगलानं केलं नाही. ती थेट ओट्याकडे गेली आणि नळ सोडला. नळातून नुसती हवा फुसफुसली.

तिनं नळ बंद केला, पुन्हा सोडला. मग वळली आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून माझ्याकडे बघितलं.

"पानी नाही. हे आता कोणाले सांगाचं?"

केतकीनं माझ्याकडे बघितलं आणि घाईनं दुसरीकडे बघितलं. माझा कागद चार इमलीतल्या वरच्या साहेबांपर्यंत पोचायला सोमवार तरी उजाडणार होता.

"मला सांगायचं," मी म्हणाले आणि इमारतीच्या पाणीवाल्याला फोन लावला.

"कौन बोल रहा है?" त्यानं वैतागून विचारलं.

मी नाव सांगितलं. मग पद सांगितलं, जरा जोरातच.